तेलातला पट्टा आणि आमच्या दहा सह्या

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

सावद्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. या कार्यक्रमात आपण नेहमी कर्जाचे हप्ते, केळीचे चिप्स, पापड, मुलींची शाळा अशा गोष्टी बोलतो. आज आम्ही मोटारीच्या इंजिनातल्या एका पट्ट्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. त्या पट्ट्यापायी आमचा गट मोडायची वेळ आली होती. आणि आता गावोगावचे गट जुनी गाडी घ्यायचा विचार करतायत, म्हणून हे सांगणं जरुरीचं वाटतं.

ज्यांच्या घरी पिठाची गिरणी आहे त्यांना पट्टा म्हणजे काय ते सांगायला नको. मोटर फिरते, पट्टा फिरतो, जातं फिरतं. त्या पट्ट्याला तेल लागू द्यायचं नाही, हे गिरणीवरच्या पोरालाही कळतं. तेल लागलं की पट्टा घसरतो, फुगतो, लवकर कामातून जातो. मग कुणी सांगितलं की काही मोटारींच्या इंजिनात रबराचा पट्टा मुद्दाम तेलात ठेवलेला असतो, तर तुमचा विश्वास बसेल? आमचाही बसला नव्हता. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा बसला.

आधी आमची गोष्ट सांगतो. आमच्या गटात दहा जणी. केळीचे चिप्स तळतो, पाकिटं भरतो. सावदा, फैजपूर, रावेर इथली दुकानं आणि भुसावळ-जळगावचे दोन-तीन मोठे गिऱ्हाईक. आधी माल एसटीनं नाहीतर भाड्याच्या रिक्षानं जायचा. चिप्सचा चुरा व्हायचा, भाड्यात नफा जायचा. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला आम्ही ग्रामसंघातून कर्ज घेतलं, थोडी बचत घातली आणि २,४०,००० रुपयांना एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. दिसायला झकास, इंजिन लहान, सरासरी चांगली. कंपनीचं नाव आम्ही घेत नाही, विकणाऱ्याचंही नाही. गाडी अध्यक्ष काकूंच्या नावावर केली. गटातल्या एका वहिनींनी लायसन्स काढलं होतं, त्या चालवायला लागल्या. सगळे त्यांना गाडीवाल्या वहिनी म्हणू लागले.

वहिनींची एक सवय चांगली. प्रत्येक फेरीला वहीत लिहायच्या. तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, किती पेट्रोल. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, की वहिनी, गाडीचा हिशेब ठेवता, नवऱ्याचा ठेवला असता तर बरं झालं असतं. त्या वहीची किंमत पुढं कळली.

गेल्या वर्षी ज्येष्ठात, आषाढी एकादशीच्या आधी, उपासाच्या चिप्सची जळगावची मोठी ऑर्डर होती. खोकी भरून वहिनी आणि आम्ही दोघी निघालो. ऊन तुम्हाला माहीत आहे आपलं. भुसावळ मागं पडलं, साकेगाव ओलांडलं आणि समोरच्या काचेखाली एक लाल दिवा लागला. चहाच्या किटलीसारखं चित्र, तोटीतून थेंब पडतोय असं. वहिनी म्हणाल्या, "हा तेलाचा दिवा. थांबवते." आम्ही म्हणालो, "अहो, जळगाव आलंच की. माल बाराच्या आत द्यायचाय. तिथं पोचून बघू." वहिनींनी दोनदा म्हटलं. आम्ही दोनदा नको म्हटलं.

सात-आठ किलोमीटर गेलो असू. इंजिन खडखड वाजायला लागलं आणि नशिराबादच्या अलीकडे एकदम बंद पडलं. ब्रेकचा पेडल दगडासारखा घट्ट झाला. मागून ट्रक येत होता. वहिनींनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून गाडी कडेला घेतली. त्या दिवशी आम्ही वाचलो ते त्यांच्यामुळं. माल दुसऱ्या गाडीनं संध्याकाळी पोचला. गिऱ्हाइकानं अर्धा परत केला.

पण गावात काय बातमी पोचली? बाईनं इंजिन जाळलं. पारावर तेच, दुकानात तेच. बाईच्या हातात स्टिअरिंग दिलं की दुसरं काय होणार. आमच्या घरातही तेच बोललं गेलं. आणि ताईंनो, आज रेडिओवर कबूल करतो, आम्ही दोघी गाडीत होतो, आम्हाला खरं माहीत होतं, तरी आम्ही गप्प बसलो. गटाची बैठक झाली. एकीनं मांडलं की दुरुस्तीचा खर्च वहिनींच्या वाट्यातून कापा. वहिनींनी किल्ली चटईवर ठेवली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी आमचं नावही सांगितलं नाही. तेव्हा मात्र आम्हाला राहवलं नाही. आम्ही सांगितलं की थांबायचं त्या म्हणत होत्या, चल आम्ही म्हणालो. बैठकीत कुणी काही बोलेना. मग ठरलं, की इंजिन उघडायच्या वेळी चौघींनी जळगावला हजर राहायचं, आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच कुणाच्या वाट्यातून काय कापायचं ते बोलायचं.

जळगावच्या मिस्तरींनी गाडी वर घेतली आणि खालचं ऑइल चेंबर काढलं. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची परात, तेल तिथं साठतं. त्या तेलात काळा चुरा होता. बोटांनी चोळला तर रबरासारखा, मधे धागे. चेंबरातून तेल वर ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला एक जाळी असते. ती जाळी त्या चुऱ्यानं लिंपून गेली होती. चहाच्या गाळणीत चोथा बसला की चहा खाली उतरत नाही, तसं तेल वर चढत नव्हतं. मिस्तरी म्हणाले, "हा टायमिंग बेल्टचा चुरा. हे एका दिवसाचं काम नाही. वर्षानुवर्षं चाललंय." मग त्यांनी विचारलं, "तेल कोणतं टाकलं होतं?" ते उत्तर आमच्याच पिशवीत होतं. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी हा पट्टा काय करतो ते सांगतो. मिस्तरींकडून समजून घेतलं, मग आमच्या पोरांकडून वाचून घेतलं.

इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. त्याच्या वर झडपा असतात. एक हवा-पेट्रोल आत घेते, एक धूर बाहेर सोडते. पिस्टन वर यायच्या वेळी झडप मिटलेली हवी. हा मेळ ठेवायचं काम टायमिंगचं. खालचा क्रँकशाफ्ट आणि वरचा कॅमशाफ्ट यांना जोडून ठेवायचं आणि ठरल्या ठेक्यात फिरवायचं. ठेका चुकला की पिस्टन झडपांवर आदळतो आणि बऱ्याच इंजिनांत झडपा वाकतात.

हे जोडायचे तीन प्रकार आहेत. पहिला, लोखंडी साखळी. सायकलच्या साखळीची मोठी बहीण समजा. ती तेलातच फिरते. आपल्याकडच्या मारुतीच्या के मालिकेतल्या इंजिनांत साखळी असते. दुसरा, कोरडा पट्टा. दात असलेला रबरी पट्टा, इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला, झाकणाखाली. त्याला तेल लागू द्यायचं नाही. जुन्या मारुती ८०० आणि ओम्नीत हाच होता. ठरावीक किलोमीटरला तो बदलायचा, हे सगळ्या गॅरेजवाल्यांना पाठ होतं. तिसरा प्रकार आमच्या गाडीतला. पट्टा रबराचा, पण इंजिनाच्या आत, तेलात भिजत फिरणारा. त्याला ओला पट्टा म्हणतात. काही इंजिनांत झडपांसाठी साखळी असते, पण तेलाचा पंप फिरवायला असा ओला पट्टा असतो.

कंपन्यांनी हे का केलं? उगाच नाही. पट्टा साखळीपेक्षा हलका आणि कमी आवाजाचा. तेलात फिरला की घर्षण कमी, म्हणजे पेट्रोल थोडं कमी, धूर थोडा कमी. इंजिनही आखूड करता येतं. सरकारं धुराचे नियम कडक करत होती, तेव्हा प्रत्येक थेंब वाचवायची धडपड चालू होती. त्यासाठी साधं रबर चालत नाही. तेल आणि उष्णता सोसणारं खास रबर, आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या आणि दातांवर खास कापड, अशी त्याची घडण असते. कागदावर हा पट्टा इंजिनाच्या आयुष्याइतका टिकायला हवा होता.

मग बिघडतं कुठं? पट्टा टिकतो तो ठरावीक तेलात. प्रत्येक तेलात वेगळी रसायनं मिसळलेली असतात. भलतं तेल पडलं की रबर फुगतं, मऊ होतं, कापडाला भेगा पडतात, दातांच्या कडा झडू लागतात. दुसरं कारण, तेलात उतरणारं पेट्रोल. गाडी जवळच्या जवळ फिरली, इंजिन पुरतं तापलंच नाही, तर न जळलेलं पेट्रोल थोडं थोडं तेलात उतरतं. लांब पल्ल्याला तेल तापलं की ते उडून जातं. छोट्या फेऱ्यांत ते तेलातच राहतं आणि पट्ट्याला खातं. तिसरं, वेळेवर न बदललेलं तेल. जुनं तेल काळं पडतं, आंबट होतं. आंबट ताकात कापड भिजत ठेवलं तर काय होईल, तसंच.

आणि खरा धोका नीट समजून घ्या. आपल्याला वाटतं पट्टा तुटला तर गाडी बंद. इथं पट्टा तुटायच्या खूप आधी त्याचा चुरा पडतो. चुरा जाळीत बसतो. तेलाचा दाब पडतो. तेल नाही म्हणजे लोखंडावर लोखंड. बेअरिंग जातात, टर्बो जातो, क्रँकशाफ्टला रेघा पडतात. काही इंजिनांत ब्रेक हलका करणाऱ्या पंपालाही याच तेलाचा आधार असतो, तिथं ब्रेकच जड होतो. म्हणजे पट्टा अजून धड, पण इंजिन मेलेलं. आमचं तसंच झालं. पट्टा तुटला नव्हता. नुसता झिजून अरुंद झाला होता आणि त्याचे दात कुरतडल्यासारखे दिसत होते.

हे फक्त आपल्याकडचं नाही. फोर्ड कंपनीचं १.० लिटरचं इकोबूस्ट इंजिन २०१२ साली युरोपात आलं, त्यात असा ओला पट्टा होता. ते इतकं गाजलं की २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं जगातल्या सर्वोत्तम इंजिनाचं बक्षीस त्याला मिळालं. २०१३ साली तेच इंजिन इकोस्पोर्ट गाडीतून भारतात आलं. पट्टा दहा वर्षं किंवा २,४०,००० किलोमीटर चालेल असं युरोपात सांगितलं जायचं. प्रत्यक्षात पट्टे त्याआधी झिजल्याच्या तक्रारी आल्या. पुढं २०१८ च्या सुमाराला कंपनीनं नव्या इंजिनात झडपांसाठी साखळी बसवली, पण तेलाच्या पंपाचा पट्टा तेलातच राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत त्या पंपाच्या पट्ट्याला ताण देणारा भाग निकामी होतो म्हणून इकोस्पोर्ट आणि फोकस मिळून सुमारे १,४०,००० गाड्या परत बोलावल्या. कारण हेच सांगितलं होतं, की तेलाचा दाब जातो, इंजिन बंद पडू शकतं आणि ब्रेकची मदत कमी होते. आणि गंमत बघा, अमेरिकेत विकलेल्या त्या इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईजवळच्या कारखान्यातून जायच्या. फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवायचं सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं, पण त्यांच्या गाड्या आपल्या रस्त्यावर अजून फिरतायत आणि जुन्या बाजारात विकल्या जातायत.

फ्रान्समधल्या पूजो आणि सित्रोएन गाड्यांच्या १.२ प्युअरटेक इंजिनाचीही हीच कथा. तिथंही बक्षिसं मिळाली आणि नंतर चुऱ्याच्या तक्रारी आल्या. पट्टा बदलायची मुदत कंपनीला कमी करावी लागली. शेवटी मार्च २०२४ मध्ये त्या कंपनीनं युरोपात या इंजिनांची हमी १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवली. पण अट काय? वेळेवर सर्व्हिस केल्याच्या नोंदी हव्यात. म्हणजे फ्रान्समधली बाई असो की सावद्याची, शेवटी वहीच कामाला येते. नंतरच्या नव्या इंजिनात त्यांनीही साखळी बसवली.

याचा अर्थ ओल्या पट्ट्याची प्रत्येक गाडी वाईट असा नाही. योग्य तेल, वेळेवर बदल, लांबचा प्रवास, असं असेल तर पट्टे नीट चालतात. पण जुन्या बाजारातून घेणाऱ्याला आधीच्या मालकानं काय केलं ते दिसत नाही. लग्नाच्या मुलीला दागिने बघतात तसं आपण गाडीचा रंग आणि सीट कव्हर बघतो. आतलं कोण बघतं?

आता आमच्या पिशवीतल्या उत्तराकडे येतो. मिस्तरींनी तेलाचं विचारलं तेव्हा खजिनदार ताईंनी फाइल काढली. गाडी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता, तेल ताजंच आहे. आम्ही वर्षभर बदललंच नाही. वर्षानं बदललं तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं तेल महाग पडत होतं. दुकानदार म्हणाला, हे २०डब्ल्यू-४० घ्या, मोटारसायकलीला चालतं, मोटारीलाही चालतं. काही शे रुपये वाचत होते. त्यावर आम्ही बैठकीत ठराव केला. "काटकसर म्हणून स्वस्त तेल घेण्यात यावे." खाली दहा सह्या. वहिनींचीही सही होती, पण त्यांच्या नावापुढं कंसात लिहिलं होतं, "पुस्तक बघावे." त्या बैठकीत त्यांनी तेवढं म्हटलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं.

पुस्तिकेत पातळ तेल आणि कंपनीच्या मानकाचा लांबलचक नंबर होता. आम्ही घातलेलं तेल जाड आणि त्या नंबरचं नाही. मग वहिनींची वही उघडली. वीस महिन्यांत गाडी ९ हजार किलोमीटर चालली होती आणि बहुतेक फेऱ्या सावदा ते फैजपूर, पाच-सहा किलोमीटर जायचं, थांबायचं, परत यायचं. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. मिस्तरी वही बघून म्हणाले, "एवढी नोंद माझ्याकडे कुणी आणत नाही. यात सगळं आलं."

चौघी परतलो. पुन्हा बैठक घेतली. चुऱ्यानं भरलेली ती जाळी प्लास्टिकच्या पिशवीत आणली होती, ती मधोमध ठेवली. शेजारी ठरावाची वही. कुणाची चूक किती, ते मांडलं. पट्ट्याची रचनाच नाजूक. आधीच्या मालकानं काय घातलं ते कुणाला माहीत नाही. आम्ही वर्षभर तेल बदललं नाही, मग भलतं घातलं. आणि लाल दिवा लागल्यावर थांबू दिलं नाही. शेवटच्या तीनही चुका आम्हा सगळ्यांच्या. वहिनींची चूक सापडेना. सापडली ती एवढीच, की आमचं ऐकून त्यांनी गाडी पुढं नेली.

दुरुस्तीला १,१२,००० रुपये लागले. बेअरिंग, क्रँकचं काम, पट्टा, पंप, मजुरी. विम्याकडे विचारलं तर अपघात, चोरी यांना भरपाई, इंजिन आतून बिघडलं तर साध्या पॉलिसीत नाही. ग्रामसंघाचा हप्ता थांबवता येत नव्हता. मग दिवाळीचा नफा वाटायचा नाही असं ठरलं. दहाही जणींनी सारखा भार घेतला. वहिनींनाही सूट नको होती. त्या म्हणाल्या, "सही माझीपण आहे." ज्या दोघी गाडीत होतो त्यांनी पारावर जाऊन सांगितलं की गाडी आम्ही पळवायला लावली. ऐकणारे हसले. काहींनी विश्वास ठेवला नाही. पण वहिनी दुसऱ्या दिवशी किल्ली घ्यायला आल्या, आम्हाला तेवढं पुरे होतं.

आता तुम्ही गाडी घ्याल किंवा घरात असेल, तर काय करायचं ते सांगतो. कागद-पेन घ्या.

पहिलं. घेण्याआधी विचारा, टायमिंगला साखळी आहे, कोरडा पट्टा आहे की तेलातला पट्टा? तेलाचा पंप कशावर फिरतो? विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. चासी नंबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विचारा. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार इंजिन बदललेलं असतं.

दुसरं. सर्व्हिसच्या पावत्या मागा. पावतीवर तेलाचं नाव आणि नंबर लिहिला आहे का बघा. पावत्या नसतील तर पट्टा बदलावा लागेल असं धरून किंमत ठरवा. हा पट्टा बदलणं मोठं काम आहे. इंजिन उघडावं लागतं, टायमिंग जागेवर धरून ठेवायची खास हत्यारं लागतात. ज्याच्याकडे ती नाहीत त्याला हात लावू देऊ नका.

तिसरं. जमलं तर घेण्याआधी तेल काढून बघा. तेल गाळणीतून गाळा. काळे रबरी कण दिसले तर चेंबर उघडून जाळी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काही इंजिनांत तेल ओतायच्या तोंडातून पट्टा दिसतो. कडा फाटल्या, भेगा पडल्या किंवा पट्टा फुगून रुंद झाला, तर ते लक्षण समजा.

चौथं. तेल फक्त पुस्तिकेतल्या नंबरचं. जाडी जुळली म्हणजे झालं असं नाही, मानकाचा नंबर जुळला पाहिजे. डब्याच्या मागच्या बाजूला तो छापलेला असतो. डब्याचा फोटो काढा, पावती ठेवा. आणि किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा तेल बदलाच. जवळच्या फेऱ्या जास्त असतील तर त्याआधी बदला. आम्ही आता सहा महिन्यांनी बदलतो.

पाचवं. अधूनमधून गाडी लांब न्या. आम्ही दोन फेऱ्या एकत्र करतो. फैजपूरचा माल आणि भुसावळचा माल एकाच दिवशी.

सहावं, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत नाही, पेट्रोल पंपापर्यंत नाही. तेलाची पातळी बघा. पातळी बरोबर असली तरी परत चालू करू नका, ओढून न्या. ओढून न्यायचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढं काहीच नाही.

सातवं, हक्काचं. धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्यानं दोष लपवून विकली किंवा गॅरेजनं भलतं तेल घातलं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वस्तूची किंवा सेवेची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्यापारासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही, पण स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते, हे लक्षात ठेवा. आणि मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आहे. १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांत एकाच प्रकारचा दोष अनेकांना आढळला, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला सांगू शकतं. त्यासाठी तक्रारी नोंदवल्या गेल्या पाहिजेत. आमची गाडी आठ वर्षांची होती, म्हणून आम्हाला उपयोग झाला नाही. तुमची नवी असेल तर गप्प बसू नका.

आठवं. गाडीची वही ठेवा. फेरी, किलोमीटर, तेलाची तारीख, पावती. एकीनं लिहावं, दुसरीनं महिन्याला बघावं. बचतीची वही आपण जशी बघतो तशी.

शेवटी एक. आमच्या ठरावाच्या वहीत आता नियम लिहिलाय. गाडीत बसलेल्यांनी किती घाई केली तरी थांबायचं की नाही ते चालवणारी ठरवेल. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. खाली दहा सह्या आहेत. या वेळी सह्या करायच्या आधी आम्ही तो नियम दोनदा मोठ्यानं वाचला.

आमची गाडी आता पुन्हा चालते. हप्ते अजून चालू आहेत. श्रावण येतोय, उपासाचे चिप्स तळायला घेतलेत. जळगावच्या त्या गिऱ्हाइकानं पुन्हा ऑर्डर दिली आहे, पण म्हणाला, "माल आदल्या दिवशी पाठवा." आम्ही हो म्हटलं. घाई करायची नाही, हे आम्हीही शिकलोय.

तुमच्या गटाचा असा काही अनुभव असेल तर या कार्यक्रमाला कळवा. येतो आता. नमस्कार.